पॅसेज सर

सोलापुरातल्या पोराला भाषेची भीती नसते. पूर्व भागातलं पोरगं घरी आईशी तेलुगूत भांडतं, शेजारच्या आजीकडून कन्नडमध्ये शेंगापोळी मागून घेतं, शाळेत मराठीत कविता पाठ म्हणतं आणि गल्लीतला क्रिकेटचा वाद दखनी हिंदीत मिटवतं. चार भाषांत त्याचं कुठं अडत नाही. अडतं ते पाचवीत. कारण ही पाचवी भाषा त्याला माणसाच्या तोंडून भेटतच नाही. ती भेटते दहा मार्कांच्या चौकटीत, खाली ए वन ते ए फाइव्ह अशा पाच कृती लटकवून. पुस्तकी मराठीत या चौकटीला उतारा म्हणतात. सोलापुरात पॅसेज म्हणतात, आणि पॅसेज म्हटलं की पॅसेज सर.

सरांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच राहिलं. पोस्टमनसुद्धा खालून ‘पॅसेज सर, पार्सल!’ अशीच हाक मारतो. वय साठीच्या आसपास. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं उत्तर लिहून दाखवायला आणि लाल ‘हे कुठून आणलंस?’ असं विचारायला. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला एका घराच्या माडीवर त्यांचा क्लास भरतो. खाली यंत्रमाग. त्या खडखडाटावर मात करत शिकवून शिकवून सरांचा आवाज कायमचा वर जाऊन बसला आहे. मयताला गेले तरी ‘फार वाईट झालं’ हे वाक्य ते अशा पट्टीत म्हणतात की शेवटी उभ्या असलेल्या माणसाला लिहून घेता यावं. वीज गेली आणि माग थांबले की माडीवर एकदम शांतता पसरते. मग सर बिचकतात आणि वर्गाला विचारतात, ‘काय झालं? कोण बोललं?’

नवीन पालक आला की त्याला सरांचा पहिला नियम ऐकवला जातो. पालक हबकतो, कारण नियम असा आहे : पॅसेज वाचायचा नाही.

‘वाचत बसलं की समजून घ्यायचा मोह होतो,’ सर सांगतात. ‘समजून घ्यायला गेलं की वेळ जातो. वेळ गेला की लेटर रायटिंग राहतंय.’

म्हणून आधी प्रश्न वाचायचा. प्रश्नातला सगळ्यात अवघड दिसणारा शब्द मनात धरायचा आणि तोच शब्द सापडेपर्यंत पॅसेजवरून बोट खाली सरकवत न्यायचं. सापडला की त्याच्या अलीकडच्या पूर्णविरामापासून पलीकडच्या पूर्णविरामापर्यंत सगळं उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायचं. ‘हू’ विचारलं तर कॅपिटल अक्षर शोधायचं, मात्र वाक्याच्या तोंडाशी उभं असलेलं नव्हे, मधलं. ‘व्हेन’ला आकडा. ‘व्हेअर’ला ‘इन’च्या पुढचा कॅपिटल. आणि ‘व्हाय’ला घाबरायचं कारण नाही. पॅसेजमध्ये कुठंतरी ‘बिकॉज’ असतोच, त्याच्या पुढचं सगळं उत्तर.

‘आणि सर, बिकॉज नसेल तर?’

‘तर सो असेल. सो असला की उत्तर त्याच्या आधी.’

‘दोन्ही नसले तर?’

‘असला प्रश्न बोर्ड काढत नाही.’

पालक तरीही शंकेखोर निघाला तर सर प्रात्यक्षिक दाखवतात. फळ्यावर लिहितात : ‘द गाबूल ऑफ टिमटा डस्कड द फोरली इन १८४२ बिकॉज इट वॉज व्हेरी झिंग्री.’ मग वर्गाकडे वळून विचारतात, ‘हू डस्कड द फोरली?’ वर्ग एका सुरात, ‘द गाबूल ऑफ टिमटा!’ ‘व्हेन?’ ‘१८४२!’ ‘व्हाय?’ ‘बिकॉज इट वॉज व्हेरी झिंग्री!’ ‘ट्रू ऑर फॉल्स, इट वॉज नॉट झिंग्री?’ ‘फॉल्स!’ पालक चाट पडतो आणि फीचे पैसे काढतो. हे सगळे शब्द सरांनी आदल्या रात्री भाकरी मोडता मोडता तयार केलेले असतात. एकदा मागच्या रांगेतल्या एका नव्या पोरानं हात वर करून विचारलं, ‘सर, फोरली म्हणजे काय ओ?’

सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘दोन मार्क.’

यावर हसणं सोपं आहे. पण सरांचा हिशोब ऐकला की हसू जरा आवरतं. दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० मार्कांचा, उरलेले २० तोंडी वगैरेचे, ते शाळेच्या हातात. दोन्ही मिळून ३५ झाले की गडी पार. लेखीत पुस्तकातले दोन पॅसेज आणि पुस्तकाबाहेरचा एक, प्रत्येकी १०. म्हणजे ३० मार्क नुसते पॅसेजचे. ‘शाळा पंधरा तरी देतेच. राहिले वीस. तिसातले वीस बोटानं काढता येतात. त्याला डोकं कशाला खर्चायचं? डोकं गणिताला ठेवा.’ ज्या घरात आई विड्या वळते आणि बाप दुसऱ्याच्या मागावर उभा असतो, त्या घराला हे ३५ म्हणजे आयटीआयचं दार, पॉलिटेक्निकचं दार, झालंच तर पोलीस भरतीचं मैदान. सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत उडाला, असं ज्या घरात एकदा घडलंय, तिथल्या धाकट्या भावंडाला सरांच्या माडीवर हात धरून आणून बसवतात. क्लासची फी ठरलेली आहे म्हणतात. ती नेमकी किती हे मात्र गल्लीत दोघांना विचारलं तर दोन आकडे ऐकू येतात, कारण ज्याच्या घरचा माग बंद पडलाय त्याच्याकडे सर फीचा विषयच काढत नाहीत.

सरकारं बदलली, अभ्यासक्रम बदलले, सर हलले नाहीत. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. तेव्हा लोक सरांना म्हणाले, आता पोरं लहानपणापासून शिकणार, तुमचा धंदा बसला. सर म्हणाले, ‘आत्तापर्यंत पोरं पाच वर्षं इंग्रजी शिकून माझ्याकडे यायची, आता नऊ वर्षं शिकून येतील.’ आली. पुढं प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, चहा-बिस्किटं झाली. सरांनी नवा नमुना हातात घेतला, बोट फिरवलं आणि निकाल दिला : ‘पूर्वी प्रश्नाचं उत्तर पॅसेजमध्ये असायचं, आता कृतीचं असतंय.’

धंदा असा अंगात मुरला की तो घरीही उतरत नाही. लग्नपत्रिका आली की सर ‘व्हेन’ आणि ‘व्हेअर’ एवढंच टिपतात. चिरंजीव, चि. सौ. कां., समस्त आप्तेष्ट आणि आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं, ही सगळी त्यांच्या मते हमाली. त्यामुळे सर मंगल कार्यालयात सगळ्यांच्या आधी पोचतात, अक्षता टाकतात, जेवतात, आणि घरी येऊन काकूंना विचारतात, ‘लग्न कुणाचं होतं?’

काकू म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. त्यांचं शिक्षण सातवी, तेही कन्नड शाळेत. सोलापूरच्या घराघरात विचारला जाणारा प्रश्न त्या रोज विचारतात : ‘आज पाणी येतंय का हो?’ उजनी धरण भरून वाहत असलं तरी इथल्या नळाला दिवसाआड, चार दिवसांआड असं आपलं वेगळं पंचांग असतं. सर पेपर उघडतात, महापालिकेच्या निवेदनावरून बोट फिरवतात आणि सांगतात, ‘नॉट गिव्हन इन द पॅसेज.’ काकू नळाशी कान नेतात. ‘हवा यायलीय. अर्ध्या तासात येतंय बघा.’ येतं. सर म्हणतात, ‘उत्तर बरोबर आहे, पण तुम्ही ते पॅसेजमधून घेतलेलं नाही.’

‘मग मार्क ऱ्हाऊ द्या,’ काकू म्हणतात, ‘घागर धरा.’

पाच कृतींपैकी चार सरांच्या बोटात बसतात. पाचवी, ए फाइव्ह, तेवढी वात्रट. तिला पर्सनल रिस्पॉन्स म्हणतात, म्हणजे पोराला स्वतःला काय वाटतं ते लिहायचं. स्वतःला काय वाटतं ही गोष्ट पॅसेजमध्ये नसते, हे सरांना फार दिवस खुपत होतं. शेवटी त्यांनी सगळ्या पोरांना मिळून एकच वाटणं काढून दिलं : ‘यस, आय लाइक इट व्हेरी मच. इट इज व्हेरी इम्पॉर्टन्ट इन अवर लाइफ. वुई शुड ऑल ट्राय.’ हे उत्तर वाचनाच्या छंदाला चालतं, झाडं लावायला चालतं, योगासनांना चालतं, मातृप्रेमाला चालतं. एका सराव परीक्षेत पॅसेज दुष्काळावर आला. मंगळवेढा-सांगोल्याच्या जिल्ह्यात दुष्काळाबद्दल तुम्हाला काय वाटतं, असा प्रश्न. सगळ्या वर्गानं लिहिलं, आम्हाला तो फार आवडतो, आयुष्यात त्याला फार महत्त्व आहे, आपण सर्वांनी प्रयत्न केले पाहिजेत. सरांनी प्रत्येकाला दोनपैकी दीड दिला. अर्धा मार्क स्पेलिंगचा.

एका संध्याकाळी मी सरांना पिसाबद्दल सांगितलं. पंधरा वर्षांच्या पोरांची जगभर होणारी चाचणी. २००९ च्या फेरीत आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. वाचनात ७४ जणांत ही दोन राज्यं तळाशी गेली, खाली एकटा किर्गिझस्तान. सरांना धक्का वगैरे बसला नाही. त्यांनी विचारलं, ‘पॅसेज कसले होते?’ मी पिसाच्या जुन्या संचातला एक नमुना सांगितला. दोन पत्रं शेजारी शेजारी छापलेली. एकीला भिंतींवरच्या रंगरंगोटीचा राग आलाय, दुसरी म्हणते, जाहिरातींचे फलक चालतात तर ही चित्रं का नकोत? आणि प्रश्न असा की, दोघींपैकी तुम्हाला कुणाचं पटतं, आणि का?

‘दोघींचं,’ सर चटकन म्हणाले. ‘इट इज व्हेरी इम्पॉर्टन्ट इन अवर लाइफ.’ मग जरा थांबून, ‘बाकी ही चाचणी आपल्या बोर्डानं काढली असती ना, तर आपण पहिले आलो असतो.’

असा हा अढळ माणूस एकदाच ढळला, आणि तो सोलापूरच्या प्रेमापोटी. गाइडमध्ये पुस्तकाबाहेरचे पॅसेज म्हणून जे येतात ते पेंग्विनवर, नायगारा धबधब्यावर, मधमाश्यांच्या राणीवर. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात पत्र्याखाली बसून पोरं दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाची उत्तरं लिहितात. सरांना वाटलं, आपल्या गावात काय कमी आहे? आपणच पॅसेज लिहू. माहितीपर, आकडे, वर्षं, कॅपिटल अक्षरं, सगळं जिथल्या तिथं.

पहिला पॅसेज गड्ड्याच्या जत्रेवर. सिद्धरामेश्वरांची यात्रा, भोगीचा अक्षता सोहळा, ६८ लिंगं, सात नंदीध्वज. सरांनी कागद वाटले आणि घड्याळ लावलं. घड्याळ लावून होईपर्यंत पोरांनी पेनं खाली ठेवली.

‘झालं?’

‘झालं सर. अडुसष्ट आणि सात.’

‘पॅसेज कुठं वाचलात?’

‘वाचायला कशाला पायजे सर? आम्ही जातोय की दरवर्षी.’

पॅसेज न वाचता उत्तर देणारा वर्ग घडवण्यात ज्यांनी जन्म घातला, ते सर त्या दिवशी वर्गावर डाफरले, ‘पॅसेज न वाचता उत्तर देता? लाज वाटत नाही?’

दुसरा पॅसेज चादरीवर. सोलापुरी चादर जेकार्ड मागावर निघते, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पुष्कळ घरं चादरी विणतात. ट्रू ऑर फॉल्स : ‘मेनी फॅमिलीज वीव्ह चादर्स.’ एका पोरानं ठणकावून लिहिलं, फॉल्स. सरांनी लाल पेन काढलं.

‘पॅसेजमध्ये स्पष्ट दिलंय.’

‘आमच्या गल्लीत सगळे टॉवेलच काढतेत सर. चादर कोण काढतंय आता?’

‘पण पॅसेजमध्ये चादर आहे.’

‘मग पॅसेज चुकलाय.’

माडीवर माग बंद पडल्यासारखी शांतता झाली. खाली माग चालूच होता. पॅसेज चुकू शकतो, हे वाक्य त्या भिंतींनी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्याच पोरानं मग जेकार्डचंही सांगून टाकलं. भोकं पाडलेले पत्ते साखळीसारखे कसे फिरतात, भोक असेल तिथला धागा वर कसा उचलला जातो, आणि एक पत्ता उलटा लागला तर चादरीवरचा मोर कसा बिघडतो. सर म्हणाले, ‘हे दिलेलं नाही.’ पोरगं म्हणालं, ‘म्हणून तर सांगितलं.’

तिसरा विड्यांवर. ‘शी रोल्स वन थाउजंड बीडीज अ डे.’ मजुरी हजारावर मिळते, म्हणून सरांनी हजार लिहिलं. हाऊ मेनी? आता यात काय चुकणार? खिडकीजवळची एक मुलगी उठली. ‘सर, वळलेल्या धरायच्या की पास झालेल्या? कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढतेत त्या पण आईनंच वळलेल्या असतेत.’ इंग्रजीत ‘रोल्स’ म्हणजे वळते, मग उत्तर हजाराच्या वर जायला हवं, असं तिचं म्हणणं. सरांनी त्या शब्दाकडे पहिल्यांदाच बोट न लावता पाहिलं. मग म्हणाले, ‘बस खाली. हजार लिही.’ तिनं हजार लिहिलं आणि कंसात ‘पास’ असं लिहिलं.

चौथा डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांवर. जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक. मृत्यू चीनमध्येच, ९ डिसेंबर १९४२. सरांच्या दृष्टीनं हा पॅसेज म्हणजे सोनं, ओळीओळीला आकडा. पण रेल्वे लाइन्सकडच्या एका पोराच्या घरापासून भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक हाकेच्या अंतरावर. त्यानं विचारलं, ‘बाकीचे चार डॉक्टर परत आले म्हणे. मग हेच का राहिले ओ सर?’ सरांनी पॅसेजवर बोट फिरवलं. बिकॉज नव्हता. सो नव्हता. पॅसेज लिहिला होता खुद्द सरांनी.

तरी सरांनी शेवटचा प्रयत्न केला. जिल्ह्याचं नाव जगात गाजवणारा विषय, शिवाय मास्तराचा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. प्रश्न सरांनी फार काळजीनं काढले. हू, व्हेअर, व्हेन, हाऊ मच. ‘व्हाय’ मुद्दाम टाळला.

उत्तरं भराभर झाली. आणि मग विडीवाली मुलगी उठली.

‘सर, अर्धे का वाटले?’

‘तो प्रश्न नाही दिलेला.’

‘माहितीय सर. मला पायजे.’

तेवढ्यात एक म्हणाला, मोठं मन असतंय सर. दुसरा म्हणाला, मन कसलं, नाव होतंय. तिसऱ्यानं हिशोब मांडला, निम्मे दिले तरी निम्मे उरतात, ते पण पाच लाख डॉलर, त्यात आमची गल्ली विकत येते. टॉवेलवाला पोरगा म्हणाला, नऊ जणांचं काम पण तेवढंच चांगलं असणार, म्हणून. यावर कुणी तेलुगूत काहीतरी बोललं, त्याला कन्नडमधून उत्तर गेलं, आणि माडीवर असा कालवा झाला की खालच्या मागवाल्यानं वर येऊन विचारलं, ‘सर, भांडण लागलंय का?’ मुलीनं उत्तरपत्रिकेच्या तळाशी आपणच प्रश्न काढून आपणच उत्तर लिहिलं होतं, मोडक्या इंग्रजीत, सरांनी दिलेलं एकही वाक्य न घेता : ‘ही इज टीचर. टीचर हॅव हॅबिट ऑफ गिव्हिंग. आवर सर ऑल्सो नॉट टेकिंग फीज फ्रॉम मी.’

सरांनी लाल पेन काढलं, टोपण उघडलं, ‘टीचर हॅज’ अशी दुरुस्ती केली. मार्क किती द्यायचे ते मात्र त्यांना ठरवता येईना. प्रश्नच पेपरात नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी माडीवर डोकावलो तर फळ्यावर पेंग्विन परत आलेला. बर्फ, मासे, अंडं पायावर घेऊन उभा असलेला नर. वर्ग शिस्तीत बोटं सरकवत होता. मी म्हटलं, ‘सर, गावचे पॅसेज बंद?’

‘बंदच. पेंग्विनचं कुणी पाव्हणं नाही सोलापुरात. सगळी कामं शांततेत होतात.’

‘पण पोरांना ते आवडत होते की. अवघड जात होते का?’

‘पोरांना कशाला अवघड जातील?’ सर चिडून म्हणाले. ‘ती वाचायला लागली हो. मग मला पण पॅसेज वाचून यावं लागतंय.’